विचारा की! : जंतू मेले, पण वस्तूचं काय?

मागच्या अंकात एकाने विचारलं होतं की सिरिंजच्या पाकिटावर ‘गॅमा किरणांनी निर्जंतुक’ असं का छापलेलं असतं, आणि मी दोन ओळींत उरकलं होतं, की कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूमधून निघणारे किरण जंतूंचा डीएनए तोडतात, झालं. ते ‘झालं’ मला चांगलंच महागात पडलं. त्यावर आलेल्या पत्रांचा सूर एकच होता, ताई, डीएनए तोडणारे किरण प्लास्टिकला बरे सोडतील? प्रश्न अगदी रास्त आहे आणि खरं सांगू का, मी या निर्जंतुकीकरणाच्या कामात इतकी वर्षं काढली त्यातली निम्मी जंतूंशी भांडण्यात नाही, तडकलेल्या झाकणांशी आणि पिवळ्या पडलेल्या नळ्यांशी भांडण्यात गेली. तेव्हा हा अख्खा अंक त्याच पत्रांना.

प्रश्न : ताई, मी केमिस्ट्री शिकतो. जंतूचा डीएनए म्हणजे अणूंची लांब साखळी आणि प्लास्टिक म्हणजेही अणूंची लांब साखळीच, मग किरणांना कसं कळतं की हिला तोडायचं आणि तिला नाही?

उत्तर : कळत नाहीच! दोन्ही तुटतात, फरक आहे तो तुटण्याचा हिशोब कुणाला किती परवडतो त्याचा. ई. कोलायचं उदाहरण घ्या, त्याचा सगळा संसार साधारण ४६ लाख अक्षरांच्या एका गोल डीएनएवर लिहिलेला असतो, त्याच्या दोन्ही पट्ट्या काही ठिकाणी एकदम तुटल्या आणि जोडता आल्या नाहीत की जंतूची पुढची पिढी संपली. प्लास्टिकच्या तुकड्यात मात्र अशा अब्जावधी साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यातल्या थोड्या तुटल्या तर वस्तूला पत्ताही लागत नाही, एखाद्या जाड दोरखंडाचे चार-दोन धागे गेल्यासारखं. म्हणजे सगळा खेळ या मधल्या जागेत आहे, जंतू मरण्याइतका मारा आणि वस्तू थकण्याइतका मारा यांच्यात किती अंतर आहे. काही मटेरियलला हे अंतर भरपूर असतं, काहींना जेमतेम, काहींना नसतंच.

आता आकडे. वैद्यकीय वस्तूंसाठी जुना आणि अजूनही चालणारा डोस म्हणजे २५ किलोग्रे, म्हणजे एका किलोमागे २५ हजार जूल ऊर्जा. ऐकायला प्रचंड वाटतं पण तेवढ्या ऊर्जेने पाणी जेमतेम ६ अंशांनी तापेल, त्यामुळे जंतू उष्णतेने मरतात हा समज आधी काढून टाका. ते मरतात तुटून. काही वेळा किरण थेट डीएनएवर आदळतात, पण बरंचसं काम पेशीतलं पाणी करतं, पाण्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिशय हावरट तुकडे तयार होतात आणि ते समोर दिसेल त्याला चावतात. म्हणूनच कोरड्या किंवा गोठवलेल्या जंतूला मारायला जास्त डोस लागतो, पाणी नाही किंवा आहे पण हलत नाही.

आणखी एक, जंतू एका रांगेत उभे राहून एकदम मरत नाहीत. ठरावीक डोसला दहातले नऊ मरतात, पुन्हा तेवढ्याच डोसला उरलेल्यांपैकी दर दहातले नऊ. ई. कोलायला ही दहापट घट अर्ध्या किलोग्रेपेक्षाही कमी डोसमध्ये होते, पण बॅसिलस प्युमिलस नावाच्या जंतूच्या स्पोअरला, म्हणजे त्याच्या कवचबंद झोपलेल्या रूपाला, साधारण पावणेदोन किलोग्रे लागतात. वस्तूवर सुरुवातीला हजार जंतू आहेत असं धरा आणि आपल्याला दहा लाख वस्तूंमागे फार तर एकीवर एखादा जंतू उरलेला चालेल असं म्हणा, तर अशी दहापट घट नऊदा करावी लागते, हजारावरून एकावर यायला तीनदा आणि तिथून दहा लाखांत एकावर यायला सहादा. नऊ गुणिले पावणेदोन करून बघा, १५-१६ येतात, त्यावर सावधगिरीची भर घातली की २५ हा आकडा कुठून येतो ते लक्षात येईल. शून्य मात्र कधीच येत नाही, म्हणून ‘शंभर टक्के जंतूमुक्त’ असं छापणाऱ्या जाहिरातवाल्यांवर माझा राग आहे.

प्रश्न : मग प्लास्टिकचे डबे-नळ्या किरणांनंतर लगेच ठीक दिसतात आणि काही महिन्यांनी तडकतात, हे काय गौडबंगाल आहे? आमच्या युनिटमध्ये हे झालंय.

उत्तर : माझ्याही. मी एकदा पॉलिप्रोपिलीनच्या छोट्या बाटल्यांचा एक लॉट तपासून पास केला होता, किरण दिल्यानंतर आठवड्यात सगळ्या चाचण्या उत्तम, वाकवल्या तरी तुटेनात, आणि आठ महिन्यांनी गोदामातून फोन आला की मॅडम झाकण फिरवलं की बाटलीच्या गळ्याचा तुकडा हातात येतोय. सही माझी होती. त्या दिवसापासून मी कुठलंही प्लास्टिक ‘किरणांनंतर लगेच’ तपासलेल्या रिपोर्टवर विश्वास ठेवत नाही.

होतं काय की किरण साखळी तोडतात तेव्हा तुटलेल्या टोकांवर रॅडिकल राहून जातात, त्यातले काही प्लास्टिकच्या घट्ट, स्फटिकासारख्या भागांत अडकून बसतात आणि हळूहळू बाहेर येतात. बाहेर ऑक्सिजन वाट बघत असतो. ऑक्सिजन चिकटला की नवीन रॅडिकल, ते शेजारच्या साखळीला तोडतं, पुन्हा ऑक्सिजन, अशी ही साखळीच महिनोन्‌महिने चालते, किरणांचं मशीन तर कधीच बंद झालेलं असतं. पॉलिप्रोपिलीन यात सगळ्यात बदनाम, कारण त्याच्या साखळीवर दर एकाआड एक कार्बनला एक मिथाइलची फांदी असते आणि तिथला हायड्रोजन सहज निसटतो. म्हणून किरणांसाठीचं पॉलिप्रोपिलीन वेगळं येतं, त्यात स्थिर ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात, ऑर्डर देताना हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर सप्लायर साधंच पाठवतो आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

बाकीच्यांची थोडक्यात कुंडली सांगते. पॉलिस्टायरीन दणकट, त्याच्या साखळीवर बेंझिनची कडी लटकलेली असते आणि ती ऊर्जा पिऊन पचवते, म्हणून प्रयोगशाळेतल्या पेट्री डिश बिनधास्त किरणांतून काढतात. पॉलिइथिलीनच्या साखळ्या तुटण्यापेक्षा एकमेकींना जास्त जोडल्या जातात. पीव्हीसी पिवळं पडतं. टेफ्लॉन, ज्याला आपण अजिंक्य समजतो, किरणांपुढे एकदम लेचापेचा, काही किलोग्रेतच त्याची ताकद गळायला लागते, उष्णता आणि अॅसिडला न बधणारा हा गडी इथे मात्र पहिल्याच फेरीत बाद. काच तपकिरी होते पण मजबूत राहते, आणि स्टीलला या डोसमध्ये काहीही होत नाही.

प्रश्न : किरण दिलेली वस्तू स्वतः किरणोत्सर्गी होते का?

उत्तर : नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, ती इलेक्ट्रॉन उडवते आणि रासायनिक बंध तोडते, अणूच्या गाभ्याला हात लावायला ती पुरत नाही. इलेक्ट्रॉन बीमच्या, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनच्या झोताच्या, मशीनवरही याच कारणासाठी १० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टची मर्यादा ठेवतात.

प्रश्न : माझ्या वडिलांचा गुडघा बदलायचा आहे. डॉक्टर म्हणाले आतलं प्लास्टिक ‘क्रॉसलिंक्ड’ आहे, किरण देऊन जास्त टिकाऊ केलेलं. तुम्ही तर किरणांनी प्लास्टिक खराब होतं म्हणता?

उत्तर : दादा, तुमच्या या एका प्रश्नात या विषयाचा अख्खा इतिहास आहे. कृत्रिम गुडघ्यात आणि खुब्यात जे पांढरं प्लास्टिक बसवतात ते म्हणजे खूप लांब साखळ्यांचं पॉलिइथिलीन. पूर्वी ते साध्या हवेच्या पाकिटात बंद करून २५ ते ४० किलोग्रे गॅमा द्यायचे आणि कपाटात ठेवायचे. वर सांगितलं तेच झालं, अडकलेली रॅडिकल आणि हवेतला ऑक्सिजन, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, पेशंटचे हाल होत होते) खराबी अगदी पृष्ठभागावर नाही तर त्याच्या थोडं खाली एका थरात सगळ्यात जास्त व्हायची. वरून गुळगुळीत, आत ठिसूळ पट्टा. शरीरात बसवल्यावर वजन पडलं की पापुद्रे सुटायचे. जंतू मात्र खरोखर मेलेले होते, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती!

१९९० च्या दशकात हे नीट उमगलं आणि मग पाकिटातली हवा काढून नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू भरायला सुरुवात झाली. पण त्याच अभ्यासातून दुसरी गोष्ट हाती लागली, की ऑक्सिजन बाजूला ठेवला तर तेच किरण साखळ्यांना एकमेकींशी जोडतात (हेच तुमचं ‘क्रॉसलिंक्ड’) आणि जोडलेलं प्लास्टिक घासून झिजत नाही. मग लोकांनी मुद्दामच ५० ते १०० किलोग्रे दिले, त्यानंतर प्लास्टिक तापवून उरलेली रॅडिकल विझवली, पुढे काहींनी त्यात व्हिटॅमिन ई मिसळलं, तेही रॅडिकल शांत करायलाच. झीज बरीच कमी झाली. फुकट काहीच मिळत नाही म्हणा, इतकं जोडलेलं प्लास्टिक तड पसरण्याला थोडं कमी विरोध करतं, म्हणून खुब्यापेक्षा गुडघ्यात, जिथे दाब एका जागी जास्त येतो, डिझाइन करणारे हात राखून जोडणी करतात. आणि गंमत बघा, अशा तयार भागाला शेवटचं निर्जंतुक करताना अनेक जण पुन्हा गॅमा न देता गॅस वापरतात. तुमच्या डॉक्टरांना विचारायचं असेल तर पाकिटात कुठला वायू आहे आणि एक्स्पायरी कधीची आहे एवढंच विचारा, बाकी ते बघतील.

प्रश्न : आईची कवळी रोज घासूनही तिच्या टाळूला लाली येते, डेंटिस्ट म्हणाले बुरशी आहे. कुणी मायक्रोवेव्हमध्ये ठेवा म्हणतं, कुणी ब्लीचमध्ये, कुणी उकळा म्हणतं. कवळी मोडणार नाही ना?

उत्तर : उकळू नका, ते पहिलं. कवळीचं गुलाबी प्लास्टिक म्हणजे अॅक्रिलिक, ते १०० अंशांच्या जरा पुढे मऊ व्हायला लागतं, उकळत्या पाण्यात त्याचा आकार किंचित जरी बदलला तरी ती टाळूवर बसणार नाही, आणि न बसणारी कवळी एका बाजूने वाकून वाकून मधोमध तुटते.

लाली बहुतेक वेळा कँडिडा नावाच्या बुरशीची असते, आणि ती घासून जात नाही कारण अॅक्रिलिक दिसतं गुळगुळीत पण त्यात बारीक छिद्रं असतात आणि बुरशी त्यात घर करून वर स्वतःचा चिकट थर पसरते. मायक्रोवेव्हचे तरंग म्हणजे गॅमा नव्हेत हां, नावात ‘रेडिएशन’ असलं तरी ते कुठलाही बंध तोडत नाहीत, पाण्याला हलवून तापवतात एवढंच. कवळी पाण्यात पूर्ण बुडवून ६५० वॅटवर ३ मिनिटं ठेवली तर कँडिडा मरते असं प्रयोगांत दिसलंय. ताकदीबद्दल मात्र प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. अशा चाचणीत अॅक्रिलिकची पट्टी दोन टेकूंवर ठेवून मधोमध दाबतात आणि ती किती ताण घेऊन तुटते ते मोजतात, कवळीच्या नेहमीच्या अॅक्रिलिकने कमीत कमी ६५ मेगापास्कल घ्यायला हवेत असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. काही ब्रँडच्या पट्ट्या वारंवार मायक्रोवेव्ह करूनही तशाच राहिल्या, काहींचा आकार किंवा कडकपणा बदलला. आणि या सगळ्या पट्ट्या सरळ, नव्या आणि कोऱ्या असतात, आईची कवळी आठ वर्षांची आणि एकदा जोडलेली असेल तर ती जोड आधी सुटणार. कवळीला तारा किंवा धातूची पट्टी असेल तर मायक्रोवेव्हचं नावही काढू नका, ठिणग्या उडतात. आतून मऊ अस्तर लावलेलं असेल तरी डेंटिस्टला विचारल्याशिवाय नाही.

ब्लीच बुरशी मारतं पण रंग उडवतं आणि धातू खातं, अमेरिकेतल्या कवळ्या आणि कृत्रिम दात बसवणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेची शिफारस आहे की कवळी ब्लीचमध्ये १० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. मी तर म्हणेन रोजच्यासाठी कवळीच्या फसफसणाऱ्या गोळ्या, मऊ ब्रश, टूथपेस्ट नको कारण ती चरे पाडते आणि चऱ्यांत पुन्हा बुरशी, आणि रात्री कवळी काढून ठेवायची. बाकी सगळ्यापेक्षा या शेवटच्या गोष्टीने टाळूला जास्त आराम मिळतो पण ती ऐकायला आईलोक तयार नसतात. आणि हो, टाळूवरच्या बुरशीला औषध वेगळं लागतं, नुसती कवळी धुऊन भागत नाही.

प्रश्न : लॅबमधल्या स्टीलच्या कात्र्या आम्ही रात्रभर हायपोत (सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावात) बुडवून ठेवतो, तरी स्टेनलेस म्हणवणाऱ्या कात्रीवर काळे ठिपके आले. बनावट स्टील आहे का?

उत्तर : स्टील खरं आहे, रात्रभर खोटी आहे. स्टेनलेसचा ‘स्टेनलेसपणा’ म्हणजे त्याच्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि क्लोराइड त्या थराला जिथे कमजोर जागा मिळेल तिथे भोक पाडतं. एकदा भोक पडलं की त्याच्या आत गंज खाली खाली जातो, वरून ठिपका दिसतो टाचणीच्या टोकाएवढा आणि आत खड्डा. कात्रीचा सांधा सगळ्यात आधी जातो कारण तिथे द्राव अडकतो. हे ठिपके पॉलिश करून जातात असं सांगणारे लोक आहेत, वरचे जातात.

आणि रात्रभर ठेवून जंतूंच्या बाबतीतही काही मिळत नाही. ०.५ टक्क्याचा ताजा हायपो १० मिनिटांत काम करतो, पण कात्रीवर वाळलेलं रक्त असेल तर क्लोरीन आधी त्या रक्तावरच खर्च होतं, जंतूंपर्यंत पोचेस्तोवर हातात काही उरत नाही. म्हणून आधी धुवायचं, मग बुडवायचं, मग पुन्हा स्वच्छ पाण्याने धुऊन पुसून कोरडं. खरं तर स्टीलच्या कात्रीला हायपो कशाला, तिला ऑटोक्लेव्ह आहे, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र, १२१ अंशांना १५ मिनिटं. एक इशारा देते, हायपो जास्त कडक व्हावा म्हणून त्यात कुणी अॅसिड ओततं. तर्क अर्धा बरोबर आहे, अॅसिडमुळे जंतूंना भारी पडणारं हायपोक्लोरस अॅसिड वाढतं, पण त्यापुढे क्लोरीन वायू सुटतो आणि तो तुमच्या फुफ्फुसाला जंतूपेक्षा आधी सापडतो. अमोनियाबरोबरही तेच, तिथे क्लोरामाइन.

प्रश्न : सेफ्टी गॉगल रोज स्पिरिटने पुसला, आता स्क्रूच्या भोवती जाळ्यासारखे तडे आलेत. स्पिरिट तर काचेसारखं स्वच्छ असतं!

उत्तर : स्क्रूच्या भोवती, हे तुम्ही लिहिलंत त्यातच उत्तर आलं. गॉगल बहुधा पॉलिकार्बोनेटचा किंवा अॅक्रिलिकचा आहे. साचा थंड होताना आणि स्क्रू आवळताना प्लास्टिकमध्ये ताण राहून जातो, नुसता ताण किंवा नुसतं अल्कोहोल असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही, पण दोन्ही एकत्र आले की अल्कोहोल ताणलेल्या जागी साखळ्यांच्या मधे शिरतं, त्यांना एकमेकींवरून सरकायला मदत करतं आणि बारीक तडे पडतात. इथे साखळी एकही तुटलेली नसते, नुसती सुटलेली असते, म्हणून हे गॅमाच्या नुकसानीपेक्षा अगदी वेगळं. अॅक्रिलिकला हे जास्त लवकर होतं. साबणाच्या पाण्याने पुसा, स्क्रू जरा ढिला ठेवा.

जाता जाता, ७० टक्के अल्कोहोल ९५ टक्क्यांपेक्षा जास्त का मारतं हे दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. जंतूची प्रोटीनं विस्कटायला पाणी लागतं, आणि कडक अल्कोहोल काम व्हायच्या आधीच उडून जातं. स्पोअरवर मात्र दोन्हींची मात्रा चालत नाही, त्यात बुडवून स्पोअर आरामात पडून राहतात.

प्रश्न : बुरशी लागलेली जुनी पुस्तकं गॅमाने वाचवता येतात म्हणे. कागद कुजणार नाही का?

उत्तर : वाचवता येतात, पण कागदाची थोडी किंमत देऊन. कागद म्हणजे सेल्युलोज आणि सेल्युलोजच्या साखळ्या किरणांनी तुटतातच, जोडल्या जात नाहीत. किती वाईट होऊ शकतं ते २००१ मध्ये अमेरिकेत दिसलं. अँथ्रॅक्सचे स्पोअर भरलेली पत्रं पाठवली गेली, ५ माणसं गेली, त्यानंतर वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत जाणारं टपाल इलेक्ट्रॉन बीमखालून जायला लागलं, आणि गठ्ठ्याच्या आतलं स्पोअरही मरायला हवं म्हणून डोस भारी होता. पत्रं पोचायची ती पिवळी, ठिसूळ, कडा चुरा होणारी, सोबत प्लास्टिक असेल तर कधीकधी वितळलेलं.

दुसरं टोक म्हणजे प्राचीन इजिप्तचा राजा रामसेस दुसरा. त्याच्या ममीला बुरशी लागली होती म्हणून १९७६ मध्ये पॅरिसला नेली आणि १९७७ मध्ये पॅरिसजवळच्या साक्ले इथे तिला कोबाल्ट-६० चा गॅमा दिला, साधारण १८ किलोग्रे, एकदाच. तीन हजार वर्षांच्या केसांना आणि कापडाला रसायनात बुडवणं किंवा तापवणं शक्यच नव्हतं, तिथे हे किरणच सगळ्यात सौम्य ठरले. त्यामुळे पुस्तकांच्या बाबतीत माझं मत असं, की गठ्ठाच्या गठ्ठा बुरशीने भरलाय आणि हाताने साफ होणार नाही अशी वेळ असेल तर एकदा, तेही कमीत कमी डोसमध्ये. पण गॅमा मागे काही ठेवून जात नाही, खोली दमट राहिली तर नवी बुरशी पुढच्या पावसाळी हवेत हजर, आणि दर वेळी नवा डोस दिलात तर पुस्तक बुरशीने नाही, तुमच्या काळजीने संपेल. आधी खोली कोरडी करा.

प्रश्न : (आठवीतली वाचक) सगळ्यात जास्त रेडिएशन सहन करणारा जंतू कोणता?

उत्तर : तुझ्या प्रश्नाने मी खूश झाले. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये आर्थर अँडरसन हे शास्त्रज्ञ डबाबंद मांस किरणांनी निर्जंतुक करायचा प्रयोग करत होते, भरपूर डोस देऊनही एक डबा खराब झाला आणि आत हा गुलाबी-लालसर जंतू सापडला. माणसाला ५ ग्रे पूर्ण शरीरावर पडले तर जीव वाचणं कठीण, हा ५ हजार ग्रे पचवतो. त्याचा डीएनए तुटत नाही असं नाही हं, तुटून शेकडो तुकडे होतात. पण त्याच्याकडे डीएनएच्या अनेक प्रती असतात, त्या एकमेकींवर ठेवून तो काही तासांत पुन्हा जुळवतो, आणि पेशीत भरपूर मँगनीज असल्यामुळे दुरुस्ती करणारी प्रोटीनं शाबूत राहतात. घर पडलं तरी गवंडी जिवंत, असं. गंमत म्हणजे तो साध्या उकळण्याने मरतो.

प्रश्न : मोबाइल आणि टूथब्रशसाठी यूव्हीची पेटी घेतली. पाच मिनिटांत ९९.९ टक्के असं लिहिलंय. ब्रशचं प्लास्टिक मात्र पांढुरकं झालंय.

उत्तर : पांढुरकं झालं म्हणजे दिवा तरी खरा आहे, अनेक पेट्यांमध्ये नुसता निळा बल्ब असतो! २५४ नॅनोमीटरचे यूव्ही, म्हणजे अतिनील, किरण डीएनएमध्ये शेजारशेजारच्या दोन थायमिनना (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटवतात, मग जंतूला स्वतःची नक्कल करता येत नाही. पण हे किरण पृष्ठभागापुरतेच, साधी काच त्यांना अडवते, आणि ब्रशच्या केसांच्या सावलीत बसलेल्या जंतूला ते दिसतच नाहीत. ९९.९ चा आकडा सपाट, स्वच्छ, दिव्यासमोर ठेवलेल्या तुकड्यावरचा असतो. त्यात आणखी एक, १९४९ मध्ये अल्बर्ट केल्नर यांनी दाखवलं की यूव्हीने अर्धमेले झालेले जंतू नंतर साध्या उजेडात ठेवले तर काही जण ती चिकटलेली जोडी सोडवून परत उठतात.

प्लास्टिकवर हेच किरण वरच्या पातळ थरातल्या साखळ्या तोडतात, म्हणून पांढुरकी भुकटी आणि बारीक चिरा. आतलं प्लास्टिक ठीक असतं, पण ब्रशच्या केसांना ‘आत’ असतंच किती. ब्रश धुऊन उभा वाळवा.

प्रश्न : मग ईटीओ गॅस सगळ्यात बरा नाही का? ना किरण, ना उष्णता, ना गंज. सगळं त्यातच का करत नाहीत?

उत्तर : वस्तूच्या बाजूने बघितलं तर खरंच बरा. ईटीओ म्हणजे इथिलीन ऑक्साइड, तो जंतूच्या डीएनएला आणि प्रोटीनला आपले तुकडे चिकटवतो आणि त्यांचं काम बंद पाडतो, साधारण ४० ते ६० अंशांत काम होतं, बहुतेक प्लास्टिकची ताकद जशीच्या तशी. म्हणून बारीक नळ्या, कॅथेटर, किरण न सोसणारे भाग त्यातच जातात. एकच अट, जंतूला थोडी ओल लागते, अगदी कोरड्या स्पोअरवर गॅस फिरकत नाही, म्हणून आधी चेंबरमध्ये वाफ सोडतात आणि नवशिके ऑपरेटर घाईत नेमकी तीच पायरी कमी करतात.

पण जो गॅस जंतूच्या डीएनएला चिकटतो तो आपल्याही चिकटतो, तो कॅन्सर करतो हे सिद्ध आहे, शिवाय हवेत मिसळला की पेट घेतो. आणि जे प्लास्टिक त्याला इतकं मानवतं तेच त्याला पोटात धरून ठेवतं, पीव्हीसी तर खास. त्यामुळे चक्र संपलं म्हणजे माल तयार असं होत नाही, गरम हवेच्या कपाटात तासन्‌तास ठेवून गॅस बाहेर काढावा लागतो, वॉर्डातून सिस्टर फोन करत असतात की सेट आला का, सेट आला का, आणि सेट निर्जंतुक होऊन आत गुपचूप वारा खात बसलेला असतो.